एमबीबीएसनंतर युकेत डॉक्टर व्हायचंय? मग आधी क्रम नीट लावा

महिन्यातून दोनतीनदा तरी कुणीतरी इंटर्न मेसेज करतो, ताई प्लॅबला कुठली क्वेश्चन बँक वापरू. मी दरवेळी उलट विचारते, तुझ्या पासपोर्टवर नाव कसं लिहिलंय आणि मार्कशीटवर कसं लिहिलंय, आधी ते बघून सांग. पोरं गोंधळतात. पण खरंच सांगते, आपल्याकडची मुलं परीक्षेत फारशी अडकत नाहीत, ती कागदात अडकतात, आणि त्याहून जास्त अडकतात ती एखादी गोष्ट चुकीच्या वेळी केल्यामुळे. म्हणून इथे क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते, आपल्याकडे जीएमसी म्हटलं की गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, पण इथे यापुढे जीएमसी म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिल, युकेत डॉक्टरला रजिस्ट्रेशन आणि लायसन्स देणारी संस्था. आणि प्लॅब ही तिची परीक्षा, बाहेरच्या देशात एमबीबीएस केलेल्यांसाठी, दोन भागांत.

नावाचं आधी. आपल्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर गिव्हन नेम आणि सरनेम असे दोनच रकाने. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आलेलं असतं, कुणाच्या नाही, कुणाचं आडनाव एका ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसरीकडे दुसऱ्याच. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. माझे यातच अडीच महिने गेले, कारण मी आधी अर्ज भरला आणि मग नावं जुळवायला बसले. तुम्ही इंटर्नशिप चालू असतानाच विद्यापीठाची डिग्री, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पासपोर्ट आणि इंटर्नशिप सर्टिफिकेट, चारही समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर अ‍ॅफिडेव्हिट, मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्रातला नावबदल, जे लागू असेल ते आत्ताच करून ठेवा. पासपोर्टचं नाव बदलायचं असेल तर इंग्लिशच्या परीक्षेच्या आधी बदला, नंतर नको, कारण तो स्कोअर पासपोर्टवरच्या नावानेच येतो.

सरकारी कॉलेजातून झाला असाल तर बाँडचाही हिशोब आत्ताच करा. एमबीबीएसनंतर एक वर्षाची सरकारी सेवा, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते वर्ष प्लॅबच्या प्लॅनमध्ये कुणी धरत नाही. माझं मत विचाराल तर ते वर्ष करा. पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकट्याने निर्णय घ्यायची सवय होते आणि तो अनुभव पुढे सीव्हीवर लिहिता येतो. अभ्यासालाही वेळ मिळतो, हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे.

आता इंग्लिश. दोनपैकी एक परीक्षा द्यायची, सर्वांसाठीची आयईएलटीएस किंवा आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची ओईटी. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक दिलीत तर एकूण साडेसात, आणि चारही भागांत किमान सात, एकाच बैठकीत. ओईटी मेडिसिन दिलीत तर चारही भागांत किमान बी ग्रेड, म्हणजे ३५०. आपली मुलं आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये साडेसहावर अडकतात, पुन्हा पुन्हा अडकतात, तिथे निबंध असतो ना. ओईटीत रेफरल लेटर, म्हणजे पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतानाचं पत्र, लिहायचं असतं, आणि ते तर आपण वॉर्डात रोज लिहितोच. ओईटी महाग आहे, पण दोनदा आयईएलटीएस द्यायची वेळ आली तर तो फरक भरून निघतो. स्कोअर दोन वर्षांत शिळा होतो, त्यामुळे थर्ड इयरला असताना उत्साहात देऊन ठेवू नका. आणि हा स्कोअर असल्याशिवाय प्लॅब वन बुक होत नाही, म्हणून इंग्लिशचा नंबर पहिला.

प्लॅब वन म्हणजे १८० एमसीक्यू, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. मुंबईतही सेंटर असतं पण जागा भराभर जातात, तारखा उघडल्या की त्याच दिवशी बुक करा. नीट पीजीचा अभ्यास केलेल्यांना हा पेपर सोपा वाटतो आणि तिथेच घात होतो, कारण इथे दुर्मिळ सिंड्रोम विचारत नाहीत, विचारतात की समोरच्या पेशंटसाठी पुढची एक योग्य स्टेप कुठली. आपण सवयीने अँटिबायोटिक सुरू करतो, तिथलं उत्तर असतं थांबा, दोन दिवसांनी परत बघा. नाइसच्या, म्हणजे उपचार कसे करायचे हे ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, गाइडलाइन्स वाचायच्या आणि आपल्या ओपीडीची सवय थोडा वेळ बाजूला ठेवायची. दोन्ही भागांना प्रत्येकी चार अटेम्प्ट असतात, त्यामुळे बघू तरी म्हणून एकही अटेम्प्ट वाया घालवू नका.

प्लॅब टू बद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण हुशार मुलं फेल होताना मी इथेच पाहिलीयेत. ही परीक्षा फक्त मँचेस्टरला होते. सोळा स्टेशन, म्हणजे पेशंट भेटीचे सोळा वेगवेगळे प्रसंग, प्रत्येक आठ मिनिटांचं, आधी दीड मिनिट बाहेर उभं राहून वाचायला. आत पेशंट म्हणून बहुतेक ठिकाणी अभिनय करणारी माणसं असतात. मार्क तीन गोष्टींचे: माहिती काढणं आणि तपासणं, उपचाराचं नियोजन, आणि माणसाशी बोलणं. तिन्हींना सारखंच वजन, आणि तिसऱ्यात आपण मागे पडतो. आपण माणुसकीत कमी आहोत असं अजिबात नाही, आपली शंभर पेशंटची ओपीडी आपल्याला तसं बोलायला वेळच देत नाही.

तिथे पेशंटला विचारावं लागतं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे होत असेल? हा प्रश्न आपल्याकडे विचारला तर पेशंट म्हणेल, अहो डॉक्टर तुम्हीच, मी काय सांगू. पण तिथे विचारायचाच, आणि तो जे सांगेल ते धरून पुढे बोलायचं. तो म्हणाला वडील कॅन्सरने गेले त्याची भीती वाटते, तर पुढच्या मिनिटात त्या भीतीला उत्तर आलं पाहिजे. काळजी करू नका, काही होत नाही, हे आपलं प्रेमाचं वाक्य तिथे चालत नाही, कारण रिपोर्ट यायच्या आधी तुम्ही ते कशाच्या जोरावर म्हणताय? आणि निघताना सांगायचं की अमुक अमुक झालं तर लगेच परत या, हे एकाही स्टेशनला विसरायचं नाही.

सगळ्यात अवघड जातं ते नातेवाइकांचं स्टेशन. आपल्याकडे मुलगा बाहेर बोलावून सांगतो, डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, आणि आपण मान डोलावतो. तिथे वडील शुद्धीत आणि समजूतदार असतील तर त्यांच्या परवानगीशिवाय मुलाला काहीही सांगता येत नाही. २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट एकदा नीट समजून घ्या, निर्णय घ्यायची क्षमता आहे की नाही हे कसं ठरवतात ते. सोळा वर्षांखालची मुलगी गर्भनिरोधक मागायला एकटी आली तर काय, फिट आलेल्या माणसाला गाडी चालवू नका हे कसं सांगायचं, असली स्टेशनं नुसती पुस्तक वाचून होत नाहीत, बोलून बोलूनच होतात.

प्रॅक्टिससाठी पार्टनर हवाच, टायमर लावून, रोज. मी एक गोष्ट केली ती सगळ्यांना सांगते, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर नसलेल्या माणसासोबत सराव करा. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी चौथ्या वाक्याला थांबवलं, इस्केमिक म्हणजे काय ते सांग आधी. डॉक्टर पार्टनर तिथे कधीच थांबवत नाही.

या परीक्षेला व्हिजिटर व्हिसावर जाता येतं. फी एकट्या प्लॅब टूचीच नऊशे पाउंडांच्या वर आहे, शिवाय व्हिसा, विमान, मँचेस्टरला दोनतीन आठवडे राहणं. हे आकडे रुपयांत लिहून घरी आईवडिलांसमोर ठेवा आणि मगच प्लॅब वनची फी भरा. नंतर मधेच पैसे संपले म्हणून थांबलेली मुलं मी पाहिलीयेत, फार वाईट वाटतं.

मधल्या काळात एपिकने, म्हणजे डिग्री खरी आहे का हे तपासणाऱ्या ऑनलाइन सेवेने, डिग्री व्हेरिफाय करून घ्या. यात तुमच्या विद्यापीठाकडून उत्तर यावं लागतं, म्हणून आधी सुरू करा, प्लॅब टूची वाट बघत बसू नका. गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचं, म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही असा मेडिकल कौन्सिलचा दाखला, त्याचं बरोबर उलटं. ते तीन महिनेच चालतं, म्हणून लवकर काढलं तर वाया जातं, प्लॅब टूचा निकाल जवळ आला की अर्ज करा. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे रजिस्ट्रेशन होतं तिथलं प्रत्येक ठिकाणचं लागतं.

आणि आता नोकरी, जे आधी कुणी सांगत नाही. जीएमसी नंबर मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं आता राहिलेलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सगळे डॉक्टर टंचाईच्या यादीत आले आणि दार उघडलं, त्यानंतर इतके लोक आले की आता एकेका ज्युनियर पोस्टवर शेकड्यांनी अर्ज पडतात. २०२५ च्या जुलैमध्ये आलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत तर स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी (आपल्याकडच्या पीजीसारखं) युकेत शिकलेल्यांना आणि एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य द्यायचं सरळ म्हटलंय. म्हणून सगळी जमवलेली रक्कम याच एका रस्त्यावर लावू नका. नीट पीजीचा अर्ज सोडू नका. आणि ज्यांचं भारतात एमडी किंवा एमएस होतंय त्यांनी प्लॅबऐवजी एमआरसीपी (मेडिसिन), एमआरसीएस (सर्जरी) असल्या ब्रिटिश पदव्युत्तर परीक्षांचा विचार करा, मान्य असलेली अशी पूर्ण पदवी असेल तर प्लॅब लागत नाही.

अर्ज एनएचएस जॉब्स आणि ट्रॅक या साइटवर करतात, पोस्टचं नाव बहुतेक वेळा क्लिनिकल फेलो किंवा ट्रस्ट ग्रेड, म्हणजे ट्रेनिंगमध्ये न मोजली जाणारी ज्युनियर नोकरी. जाहिरातीतली पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवारात काय हवं त्याची यादी, उघडा आणि त्यातल्या एकेका मुद्द्याला तुमच्या अनुभवातलं एकेक उदाहरण द्या, तोच तोच मजकूर सगळीकडे चिकटवला तर शॉर्टलिस्ट होत नाही. ऑडिट, म्हणजे वॉर्डातलं काम ठरलेल्या गाइडलाइनप्रमाणे होतं का याची तपासणी, केलेलं असेल तर आवर्जून लिहा, इंटर्नशिपमध्ये एक छोटं ऑडिट पूर्ण करणं आपल्याही वॉर्डात जमतं. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, तिथल्या कायद्याने नोकरी शोधणाऱ्याकडून तसे पैसे घेताच येत नाहीत.

ऑफर आली की हेल्थ अँड केअर व्हिसा आणि टीबीची टेस्ट करून घ्या, आणि सुरुवातीचे दोन आठवडे शॅडोइंग, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरसोबत राहून काम बघणं, मिळेल का हे जॉइन व्हायच्या आधी ईमेलवर विचारून घ्या. लाजू नका. पहिलीच ड्युटी नाइट लागली आणि ब्लड कुठल्या सिस्टिमवर मागवायचं हेच माहीत नसेल तर त्रास तुम्हालाही आणि पेशंटलाही. स्पेशालिटी ट्रेनिंगला अर्ज करायचा असेल तर क्रेस्ट फॉर्म, म्हणजे तुम्ही त्यासाठी तयार आहात असा दाखला, लागतो, त्यावर सही करणाऱ्या कन्सल्टंटने तुमचं काम सलग तीन महिने पाहिलेलं असावं लागतं, तेव्हा तो फॉर्म पहिल्याच आठवड्यात प्रिंट करून सुपरवायझरला दाखवून ठेवा.