गजकर्ण झाल्यावर कामावर जाताना

गजकर्ण झाले म्हणून कार्यालयात काम करणाऱ्याने घरी बसण्याची सहसा गरज नसते. मालिश करणाऱ्यांनी व कुस्तीगिरांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच कामावर परतावे. आंघोळीनंतर जांघा व काखा नीट कोरड्या करून बुरशीरोधक मलम चट्ट्याच्या लालसर कडेच्या पलीकडे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे, हात धुवावेत आणि चट्टा सैल सुती कपड्याने झाकावा. सहकाऱ्याशी नॅपकिन वा गणवेशाची अदलाबदल करू नये. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज लवकर शमते खरी, पण बुरशी पसरतच राहते, आणि बहुतेकजण फसतात ते इथेच. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घामेजलेला शर्ट न धुता दुसऱ्या दिवशी अंगावर चढवू नये.