खिशातला घडीचा चाकू घेताना आधी स्टील बघा

ऑनलाइन चाकू बघायला गेलं की हँडल, क्लिप, लॉक सगळं दिसतं, पण पातं कुठल्या स्टीलचं ते खाली बारीक अक्षरात असतं आणि खरा फरक तर तिथेच पडतो.

१. कोकणात, मुंबईत राहत असाल किंवा लिंबू, कैरी, आंबा कापणार असाल तर सरळ स्टेनलेस घ्या. १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही या ग्रेडपैकी (म्हणजे स्टीलच्या प्रकारांपैकी) काहीही चालेल, त्यात १४सी२८एन गंजाला जास्त दाद देत नाही, मला तेच आवडतं.

२. दिवसभर पुठ्ठे, दोऱ्या, पॅकिंगपट्ट्या कापायच्या असतील तर डी२ ग्रेडचं स्टील, धार बराच वेळ टिकते. पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, पावसाळ्यात ठिपके पडतात, पुसून तेलाचा हात फिरवायचा.

३. धार लावायचा कंटाळा नसेल तर स्विस आर्मीवाल्यांचं मऊ स्टील मस्त, धार लवकर जाते पण साध्या दगडावर चार हात मारले की परत येते. एस३०व्हीसारखं महागडं, कडक स्टील घेतलंत तर धार लावायला डायमंडचा दगड पण घेतलेला बरा, तो खर्च आधीच धरा.

आणि नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'जपानी स्टील' लिहिलंय, ग्रेड दिलेली नाही, तर सोडून द्या.

फक्त एक, विमानाच्या केबिन बॅगेत चाकू ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतील, चेक-इनमध्येच टाका.