वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना जोडी कशी शोधायची

माझा भाचा तासगावचा, यंदा दहावीला. गणित भाग १ चा ४० मार्कांचा पेपर, त्यात वर्गसमीकरण (क्ष² असलेलं समीकरण) आलं की पोरगं मनातल्या मनात जोड्या हुडकत बसतं, सापडली तर ठीक नाहीतर गणित सोडून पुढं. परवा सुट्टीला सांगलीत आला तेव्हा त्याला घेऊन बसलो, आणि कळलं की अवयव पाडणं म्हणजे अंदाज लावणं असंच त्याला वाटतंय. तसं अजिबात नाही.

आधी सगळी पदं एका बाजूला आणा, दुसरीकडं फक्त शून्य. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असायलाच लागते, आणि हे फक्त शून्यालाच चालतं. भाच्यानं (क्ष − २)(क्ष − ३) = ६ बघून थेट क्ष − २ = ६ लिहिलं होतं. कंस सोडवून ६ इकडं आणले की क्ष² − ५क्ष = ० उरतं, म्हणजे क्ष(क्ष − ५) = ०, उत्तरं ० आणि ५. इथं क्ष² = ५क्ष करून दोन्हीकडं क्ष नं भागायचा मोह होतो, तो टाळा, कारण भागलं की ० हे उत्तर गायब.

आता क्ष² − ११क्ष + २४ = ० घ्या. २४ च्या जोड्या, म्हणजे ज्यांचा गुणाकार २४ येतो अशा दोन-दोन संख्या, वहीच्या कडेला लिहूनच काढा: १-२४, २-१२, ३-८, ४-६, संपल्या. शेवटचं पद अधिक असेल तर जोडीची बेरीज बघायची, ११ येते ३-८ ची, आणि मधलं पद उणे म्हणून दोन्ही उणे. (क्ष − ३)(क्ष − ८) = ०, क्ष = ३ किंवा ८. आता क्ष² + ५क्ष − २४ = ० बघा. शेवटचं पद उणे, म्हणून इथं वजाबाकी बघायची, ५ येते, परत तीच ३-८! मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह द्या, (क्ष + ८)(क्ष − ३) = ०, क्ष = −८ किंवा ३. बेरीज की वजाबाकी हे शेवटचं चिन्ह सांगतं, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

मोठी संख्या आली की पोरं घाबरतात. त्याला म्हटलं, तुमच्या बागेचंच गणित घालतो. द्राक्षाच्या प्रत्येक ओळीत ओळींच्या संख्येपेक्षा ७ वेली जास्त, एकूण वेली ५८८, तर ओळी किती? ओळी क्ष धरल्या तर क्ष² + ७क्ष − ५८८ = ०. ५८८ च्या सगळ्या जोड्या कशाला काढता, फरक फक्त ७ आहे म्हणजे दोन्ही संख्या जवळजवळ असणार, आणि ५८८ चं वर्गमूळ २४ च्या आसपास. तिथनं खाली या: २४ नं भाग जात नाही, २३ नं नाही, २२ नं नाही, २१ नं जातो, २८ येतात, फरक ७. "मामा, सापडली!" म्हणून ओरडलाच. (क्ष + २८)(क्ष − २१) = ०. −२८ ओळी असू शकत नाहीत म्हणून २१, पण ते का सोडलं ते पेपरात एका ओळीत लिहायचं.

क्ष² ला सहगुणक, म्हणजे त्याच्या आधी एखादी संख्या, असेल तर तो शेवटच्या पदाशी गुणून घ्या. २क्ष² − ७क्ष − १५ = ० मध्ये ३० च्या जोड्या, फरक ७, म्हणजे १०-३. २क्ष² − १०क्ष + ३क्ष − १५, मग २क्ष(क्ष − ५) + ३(क्ष − ५), म्हणजे (क्ष − ५)(२क्ष + ३) = ०. क्ष = ५ किंवा −३/२. पूर्णांकच मागितला असेल तर फक्त ५.

जोडी सापडतच नसेल तर विवेचक काढा. मधल्या सहगुणकाचा वर्ग, त्यातनं पहिला सहगुणक गुणिले शेवटचं पद (चिन्हासकट) याची चौपट वजा. पूर्ण वर्ग आला तर जोडी आहेच, परत शोधा, नाहीतर सरळ सूत्र वापरा. बागेच्या गणितात ४९ + २३५२ = २४०१, म्हणजे ४९ चा वर्ग.

आता हे तुम्ही करा: क्ष² + २क्ष − ३२३ = ०. फरक फक्त २, आणि १८ चा वर्ग ३२४.