समुद्री गवतातील सूक्ष्म कवचधारींची नवी प्रजाती मांडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर परिसरातून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून गोव्याच्या खाड्यांवर अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी चिखलात हॅलोफिला हे समुद्री गवत दिसते, आणि त्याच्या पात्यांवर अँफिपॉड, म्हणजे कोळंबीसारखे पण काही मिलिमीटर लांबीचे कवचधारी, सापडतात. त्यांतला एखादा कुठल्याच वर्णनाशी जुळेना, की नव्या प्रजातीचा विचार मनात येतो. पुढचे काम अडते ते बहुधा नमुना गोळा करतानाच झालेल्या चुकांमुळे.

पहिली चूक बाटलीतली आहे. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही गवतासकट सारा नमुना ९५ टक्के अल्कोहोलच्या एकाच बाटलीत कोंबला. पात्यांतले पाणी अल्कोहोलमध्ये उतरून ते पातळ झाले, घाट चढताना बाटली उन्हात तापली, आणि प्रयोगशाळेत पाहतो तो प्राणी मऊ पडलेले आणि शृंगिका गळालेल्या. ओळख पटवताना ज्या अवयवांवर भिस्त असते, तेच आधी तुटतात. म्हणून प्राणी गवतावरून झटकून वेगळे करावेत, बाटली प्राण्यांनी एक तृतीयांशाहून अधिक भरू नये आणि चोवीस तासांच्या आत अल्कोहोल बदलावे. फॉर्मेलिनमध्ये शरीराचा आकार चांगला टिकतो. परंतु डीएनएची हानी होते, त्यामुळे नमुन्याचे दोन भाग करणे उत्तम. परतताना तपासणी नाक्यावर अल्कोहोलविषयी विचारणा होऊ शकते, तेव्हा महाविद्यालयाचे पत्र जवळ असावे. गवत मुळासकट उपटू नये. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत समुद्री गवताचे पट्टे सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे एकाच प्राण्यावरून निष्कर्ष काढणे. अनेक अँफिपॉडांत प्रौढ नराची पकडपायांची दुसरी जोडी मादीपेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती वयाबरोबर वाढत जाते; त्यामुळे कोवळा नर मादीसारखा दिसतो, आणि नर-मादींना किंवा लहान-मोठ्या नरांना दोन प्रजाती समजण्याची चूक सहज घडते. प्रौढ मादी ओळखायची ती पोटाखालच्या अंडपिशवीच्या पट्टिकांवरून. या पिशवीतूनच पिल्ले आईबापांच्या रूपात बाहेर पडतात आणि पाण्यात तरंगणारी अळीची अवस्था त्यांना नसते. त्यामुळे ती सहसा फार दूर पसरत नाहीत, आणि साहजिकच दोन खाड्यांतल्या समूहांत खरा फरक असू शकतो. तो खरा की वयाचा, हे ठरवण्यासाठी दोन्ही लिंगांचे आणि निरनिराळ्या वयांचे पुरेसे प्राणी मोजावे लागतात. मी या एका मुद्द्यावर विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा थांबवतो.

तुलना करताना दूरच्या समुद्रांसाठी केलेल्या ओळखतक्त्यावर विसंबू नये. त्या जीनसमधील (जवळच्या प्रजातींच्या गटातील) प्रत्येक प्रजातीचे मूळ वर्णन वाचावे, आणि ते त्रोटक असेल तर संग्रहालयातील मूळ नमुना पाहावा. डीएनएतील फरक हा भक्कम पुरावा आहे, पण प्रजाती कशी वेगळी ओळखावी हे शब्दांत आणि रेखाचित्रांत सांगावेच लागते.

नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ गावाचे नाव लिहिणे पुरत नाही. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले, पणजीला कोणी पंजिम लिहितो. पन्नास वर्षांनी तेच ठिकाण शोधणाऱ्याला उपयोगी पडतील ते अक्षांश-रेखांश. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत ठेवावी, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.

नावाचे नियमही काटेकोर आहेत. लॅटिन विशेषण जीनसच्या लिंगाशी जुळावे लागते, जसा आपण काळा बैल आणि काळी गाय म्हणतो. ठिकाणावरून नाव देताना पुल्लिंगी व स्त्रीलिंगी जीनसला ‘एन्सिस’, तर नपुंसकलिंगी जीनसला ‘एन्से’ असा शेवट येतो. २००० सालापासून नव्या प्रजातीच्या नावाचा आधार ठरणारा नमुना (होलोटाइप) किंवा नमुने (सिनटाइप) लेखात निश्चित करणे बंधनकारक आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणाऱ्या लेखाची झूबँक या प्राणीनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद लागते. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना, नमुने जतन करणाऱ्या मान्यताप्राप्त भांडाराकडे सोपवावा लागतो. तेथील नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत लेख प्रसिद्धीसाठी पाठवू नये.