नेट हळू चालतंय? आधी वायर लावून बघा

आमचं घर सांगलीच्या गावभागात. जुना वाडा, भिंती दीड हात जाड. राउटर ओसरीत आणि मी मागच्या खोलीत. हळदीच्या दोन-तीन अडत्यांचे हिशेब घरूनच बघतो, त्यामुळं जीएसटीची 20 तारीख जवळ आली आणि नेट रेंगाळलं की माझा जीव टांगणीला.

कंपनीला फोन केला की एकच मंत्र: राउटर बंद करून चालू करा. करून बघा, कधीकधी चालतंही. नाही चाललं म्हणून लगेच मोठा प्लॅन मात्र घेऊ नका. पाणी टाकीतच कमी येतंय की घरातला नळ गळतोय, हे आधी बघायचं.

लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, घरातल्या बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करा (भांडण होईल, होऊ दे) आणि स्पीड टेस्ट लावा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा, तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे. दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीला उपयोगी पडतात. वायरीवर पूर्ण आणि वायफायवरच कमी, तर दोष घरातला. आणि 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला बारा एमबीनं उतरत असेल, तर ते बरोबरच आहे. प्लॅनचं एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, फाइलचं एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.

माझं भलतंच निघालं. प्लॅन 200चा, पण वायरीवर आकडा 94च्या पुढं सरकेना. सकाळी 94, रात्रीही 94. गर्दी असती तर खालीवर झाला असता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यात वायरीवर ठरलेला वेग, बघितला: 100/100. लॅन केबलीत आठ तारा असतात. 1000चा वेग धरायला आठही शाबूत लागतात. एखादी तुटली की जोडणी बहुतेक वेळा 100वर उतरते, कारण त्याला चारच पुरतात. माझी केबल उंबऱ्यावरून आत आणलेली, दार रोज तिच्यावर आपटायचं. चेपलेली जागा नखाला लागली. नवी कॅट सिक्स केबल दाराच्या वरून घेतली, तेव्हा कुठं 190च्या वर गेलो. तुमच्या राउटरचे पोर्टच 100चे असतील तर मात्र केबल बदलून काही होणार नाही, ते आधी तपासा.

राहिलं वायफाय. बहुतेक राउटरांत त्याचे दोन पट्टे असतात. फाइव्ह गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण जाड भिंतीपुढं हात टेकतं. टू पॉइंट फोर लांब जातं, पण वेग कमी, शिवाय शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी. तिथं चॅनल 1, 6 किंवा 11 यांतला मोकळा असेल तो लावा. राउटर टीव्हीमागं किंवा लोखंडी कपाटात कोंबू नका. फायबरची पिवळी वायर खिळ्याला करकचून गुंडाळू नका. आत काच आहे.

मी माजघरापर्यंत केबल ओढून तिथल्या फळीवर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथून वायफायनं पसरवायला, लावलाय. आईची तक्रार एवढीच, की त्याचे हिरवे दिवे रात्रभर लुकलुकतात. त्यावर चिकटपट्टी लावली.