मांड शिकवण्याआधी

दिव्यांग मुलांना घोडेस्वारी शिकवायची आहे, तयारी कुठून करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी सहा महिने घोड्याच्या बाजूने चाला. शिकवू नका, फक्त चाला. ज्या मुलाला तोल सांभाळता येत नाही त्याच्याबरोबर तीन माणसं लागतात. एक घोड्याला धरून पुढे चालतो आणि दोन साइडवॉकर दोन्ही बाजूंनी. साइडवॉकरचा हात मुलाच्या मांडीवरून आडवा जातो आणि बोटं खोगिराची कड धरतात. मूल किती घट्ट बसलंय, कधी दमलंय, कुठल्या बाजूला कलतंय हे त्या हाताला डोळ्यांआधी कळतं. प्रशिक्षक म्हणून मधोमध उभं राहून जे दिसणार नाही, ते इथे शिकायला मिळतं.

हे काम अंगमेहनतीचं आहे. खांद्याच्या उंचीवर हात ठेवून, मऊ रेतीत, घोड्याच्या चालीने अर्धा तास चालावं लागतं. म्हणून पहिली तयारी शरीराची. जुहूला किंवा दादरला भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू असते, तिथे रोज अर्धा तास चाला. दुसरं म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा, कारण त्याचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. बूट पुढून बंद आणि थोड्या टाचेचे हवेत.

तुमची स्वतःची मांडही पक्की हवी. शर्यती जिंकायच्या नाहीत, पण चाल, दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान, संथ दौडीसारखी चाल) या तिन्हींत रिकिबीशिवाय बसता आलं पाहिजे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, इतरही ठिकाणी शिकवतात. शिकताना घोड्याच्या साध्या चालीकडे नीट लक्ष द्या. तिला चार ठोके असतात आणि प्रत्येक पावलाबरोबर आपली कंबर पुढे-मागे, डावी-उजवी हलते, थोडी वळतेही. माणूस स्वतः चालतो तेव्हा कमरेची हालचाल बरीचशी अशीच होते. जे मूल कधी चाललेलंच नाही, त्याच्या कमरेला ती हालचाल इथे घोडा देतो. आपल्या कामाचं मूळ त्या चार ठोक्यांत आहे, म्हणून ते स्वतःच्या हाडांत उतरेपर्यंत शिकवायची घाई करू नका.

तबेल्यातही वेळ द्या. सईसाबरोबर खरारा करा, खूर उचलून साफ करा, तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला शिका. तंग बांधताना काही घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून थोडं चालवून तो पुन्हा तपासावा लागतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी शेवटची कधी झाली तेही विचारा, तो माणसालाही होतो. मुंबईतल्या शिकवणीच्या घोड्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले पुष्कळ असतात. जॉकी त्यांच्यावर खालून टेकू घेऊन, बऱ्याचदा घोडा चालत असतानाच, झटकन चढतो. मुलाला चढवायच्या रॅम्पला चिकटून पाच मिनिटं स्तब्ध उभं राहणं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय घोड्यावर डावीकडून चढायची रीत, आणि ज्या मुलाची एक बाजू लुळी आहे त्याला कधी उजवीकडूनच चढवावं लागतं. तेव्हा दोन्ही बाजूंनी चढू देणारा घोडा हवा. वजनाचा साधा हिशेब असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावेत. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो ही वरची मर्यादा झाली, आणि स्वाराचा तोल जात असेल तर त्याहूनही कमी धरा.

आता ज्या भागात सर्वांत जास्त हयगय होते तो. हिप्पोथेरपी आणि थेराप्युटिक रायडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे घोड्याच्या चालीचा वापर करून केलेला उपचार, ती फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने करायची. दुसरीत आपण स्वारीच शिकवतो, मुलाला जमेल अशा रीतीने. पालकांना पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा, कारण ते फार मोठी आशा घेऊन आलेले असतात. आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही घोड्यावर बसवू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, ते आधी तपासलेलं हवं. आटोक्यात नसलेल्या फिट्स, खुब्याचा सांधा निखळलेला असणं, पाठीला मोठा बाक, ठिसूळ हाडं, बसायच्या जागी झालेली जखम, यांतलं काहीही असेल तर थांबा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सगळे शिकायला जाऊ नका, पण सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, अंधत्व आणि बहिरेपण यांची ओळख हवीच. रेसकोर्सजवळ हाजी अलीला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची केंद्रीय संस्था आहे, बांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. रीतसर विनंती करून तिथली माणसं मुलांना कसं उचलतात, कसं बोलतात ते पाहता आलं तर जरूर पाहा.

उतरवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी चूक इथेच झाली. दुसऱ्या महिन्यात जवळच फटाका वाजला, घोडा बिचकला, आणि मी घाबरून मुलाचा दंड धरून खाली ओढला. त्या मुलाचा खांदा आठवडाभर दुखत होता. दंडाला धरायचंच नाही. पुढचा माणूस घोडा थांबवतो, प्रशिक्षक मोठ्याने एकच शब्द उच्चारतो, दोन्ही पाय रिकिबीतून सुटतात, एक साइडवॉकर कमरेला मिठी घालून मुलाला आपल्याकडे घेतो आणि पलीकडचा साइडवॉकर त्याच्या बाजूचा पाय वर उचलून देतो. हा सराव आधी मोठ्या माणसांवर, उभ्या घोड्यावर, निदान वीसदा करा. पट्ट्याने बांधा ना, असं पालक हमखास सुचवतात. मुलाला खोगिराला कधीही बांधायचं नाही, कारण घोडा पडला तर मूल त्याच्याखाली सापडेल.

साहित्य फारसं लागत नाही. हनुवटीचा पट्टा असलेलं मापाचं हेल्मेट, पाय अडकला तर आपोआप सुटणारी रिकीब, ज्याच्या मांड्या ताठ होतात त्याच्यासाठी खोगिराऐवजी जाड पॅड, आणि रंगीत पट्ट्यांचा लगाम, म्हणजे ‘लाल पट्टी धर’ एवढं सांगितलं की पुरतं. बोलायची तयारी मात्र प्रत्येक मुलासाठी वेगळी. कर्णबधिर मुलाचे हात लगामावर असतात, त्यामुळे खुणा आधीच ठरवाव्या लागतात. दिसत नसलेल्या स्वारासाठी मैदानाच्या कडेला जागा ओळखण्यासाठी लावलेल्या अक्षरांपाशी माणसं उभी राहून अक्षर पुकारतात. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि आकृत्या करून घ्यायची स्पर्धा. दिव्यांगांच्या पॅरा ड्रेसाजमध्येही हीच पद्धत आहे.

या खेळात दिव्यांग स्वारांचं स्थान दयेपोटी मिळालेलं नाही, हेही मनाशी पक्कं असू द्या. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओनंतर गुडघ्याखाली लुळे होते. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आलं, आणि त्यांनी रौप्यपदक मिळवलं. १९५६ मध्ये पुन्हा मिळवलं.

कागदपत्रं: पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचं पत्र, स्वतःचं पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र, प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र देणाऱ्या जुन्या संस्था ब्रिटन आणि अमेरिकेत आहेत, दोन्हींची सुरुवात १९६९ ची. अर्ज करण्याआधी चाललेल्या आणि शिकवलेल्या प्रत्येक तासाची नोंद वहीत ठेवत जा.

पावसाळ्यात मैदान चिखलाचं होतं आणि सत्रं बंद पडतात. ते महिने घोड्यासाठी वापरा. छपराखाली त्याच्याभोवती व्हीलचेअर फिरवा, कुबड्या टेकवत चाला, वॉकर पाडा. गणपती येण्याआधी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग आधी दुरून, मग जवळून ऐकवा. आणि माती सुकली की मुलाच्या आधी स्वार म्हणून तुम्ही बसा. डोळ्यांना पट्टी बांधा, हात मांडीवर ठेवा, दोघांना तुमच्या मांड्या धरायला सांगा आणि मैदानाला तीन फेऱ्या मारून या.