वाचनाच्या वहीतला ‘कुणामुळे’ हा रकाना

दरवर्षी जानेवारीत पुष्कळ जण वाचनाची वही घालतात आणि होळीपर्यंत ती बाजूला पडते. माझ्या मते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे वही मोजणीसाठी उघडलेली असते. यंदा पन्नास, पुढच्या वर्षी साठ. मी बँकेत नोकरी करतो. दिवसभर आकडेच बघून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा बेरीज करायची हौस मला नव्हती. तरी माझी वही कित्येक वर्षं चालू आहे, कारण पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं ते तिच्यातून कळतं. परीक्षा संपल्या, नोकरी लागली, आता हौसेनं वाचायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मोजणीचा घोळ आधी मिटवू. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही छोटेखानी कादंबरी सुट्टीच्या एका दिवसात होते. श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन जाडजूड खंडांत आहेत, पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट आहे, त्यात महिना सहज जातो. आकडा गाठायचा असेल तर माणूस आपोआप पातळ पुस्तकांकडे वळतो. म्हणून माझ्या वहीत अनुक्रमांकाचा रकानाच नाही.

फुलस्केप वही आडवी धरून मी रकाने आखतो: संपल्याची तारीख, पुस्तक, लेखक, आवृत्ती, कुठून आणलं, कुणामुळे घेतलं आणि शेरा. ऑफिसच्या परीक्षांची पुस्तकं या वहीत घ्यायची नाहीत.

शेरा पुस्तक मिटल्यावर त्याच रात्री लिहायचा, एक-दोन ओळींचा. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द वर्ज्य. चार वर्षांनी ते वाचून काहीही आठवत नाही. त्यापेक्षा वाचताना काय झालं ते लिहावं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’समोर माझ्या वहीत असं आहे: ‘तालीम बांधायची खटपट वाचताना मजा आली. दुष्काळाची पानं एसटीत वाचवेनात, घरी येऊन पुरी केली.’ पुस्तकाची थोरवी यात कुठे नाही, पण एवढ्यावरून ते अख्खं पुस्तक डोळ्यांपुढे येतं.

आवृत्तीचा रकाना नव्या वाचकांना फालतू वाटतो. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचे विष्णुभट १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, झाशीत अडकले आणि जे पाहिलं ते पुढे लिहून काढलं. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण भाषेत आणि मजकुरात स्वतःचे बदल करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत नंतर दत्तो वामन पोतदारांनी काढली. म्हणजे ‘माझा प्रवास वाचलं’ म्हणणारे दोघे जण वेगवेगळं पुस्तक वाचलेले असू शकतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, तेव्हा हातात कोणती आहे ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर बघून घ्यावं.

‘कुठून’च्या रकान्यात ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर त्याचा दाखल क्रमांकही, म्हणजे ग्रंथालयानं त्या प्रतीला दिलेला नंबर, टिपतो. पुन्हा तेच पुस्तक हवं असलं की काउंटरवर तो सांगायचा, शोधाशोध वाचते. शिवाय जुन्या प्रतीच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लेखकाशी भांडलेलं असतं, तीच प्रत परत मिळाली तर मला आवडतं. ग्रंथालयाचे सभासद जरूर व्हा. पुस्तक विकत घेतलं की पैसे वसूल करायला ते रेटत वाचलं जातं, वर्गणीतलं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायला काही वाटत नाही.

आता ‘कुणामुळे’. हा रकाना मी सहज म्हणून घातला आणि सगळ्यात जास्त कामाला तोच आला. पुस्तक हातात का आलं ते तिथे लिहायचं: मामानं सांगितलं, पुरवणीत परीक्षण वाचलं, दुसऱ्या पुस्तकात उल्लेख सापडला, नुसतं मुखपृष्ठ आवडलं. दोन-तीन वर्षांच्या नोंदी साठल्या की तो रकाना शेऱ्याशी ताडून बघा. माझ्या बाबतीत पुरवणीतली परीक्षणं वाचून घेतलेली पुस्तकं बरीचशी अर्धवट राहिलेली निघाली. ग्रंथालयातल्या काउंटरवरच्या बाईंनी ‘हे न्या’ म्हणून पुढे केलेली जवळजवळ सगळी पुरी झाली होती. त्यांनी माझी परत येणारी पुस्तकं वर्षानुवर्षं पाहिलेली, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकत नाही. आमच्या शाखेत एक गृहस्थ आहेत, त्यांची आणि माझी आवड पूर्ण उलटी. ते नाक मुरडतात ते पुस्तक मी डोळे मिटून घेतो. असा माणूसही वाचकाला लागतो. सगळ्यात भरवशाची वाट मात्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाची. प्रस्तावना आणि तळटिपा वाचायची सवय लावा, पुढच्या सहा महिन्यांची सोय होते.

सोडलेली पुस्तकंही लिहायची, पान क्रमांकासकट आणि शरम न बाळगता. नेमाड्यांची ‘कोसला’ मी कॉलेजात असताना सुरुवातीलाच सोडली होती. नोकरी लागल्यावर पुन्हा उघडली आणि पांडुरंग सांगवीकरानं मला सोडलं नाही. दोन्ही नोंदी वहीत आहेत. काही पुस्तकं मुद्दाम रेंगाळत वाचायची असतात. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये चैत्रापासून एकेका महिन्यावर लेख आहे. मी तो त्या त्या महिन्यातच वाचतो, त्यामुळे ते पुस्तक वर्षभर ‘चालू’ राहतं. दिवाळी अंकांचं मी अंक म्हणून काही लिहीत नाही, लक्षात राहिलेली एखादी कथा किंवा लेख तेवढा टिपतो.

कागदाऐवजी गूगल शीट वापरणार असाल तर लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहायचं, हे आधी ठरवा. ‘श्री. ना. पेंडसे’ आणि ‘श्री.ना. पेंडसे’ हे शीटच्या लेखी दोन वेगळे लेखक होतात, मधल्या एका जागेपायी. टोपणनावांचा घोळ तर आपल्याकडे जुनाच आहे. कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, कविता आरती प्रभूंच्या आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या. पुस्तकावर छापलंय तेच नाव लिहा आणि शेजारी खऱ्या नावाचा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे चाळणी (फिल्टर) लावली की माणूस एका जागी सापडतो. वाचनाच्या नोंदी ठेवायच्या गुडरीड्स या वेबसाइटवर मराठी पुस्तक देवनागरीत नाही सापडलं तर रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून बघावं लागतं. मी तो नाद सोडला.

वाचायच्या पुस्तकांची यादी वही उलटी करून मागच्या बाजूनं लिहितो. चार्ल्स डार्विननंही १८३८ ते १८६० या काळात वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. आपल्या वाचायच्या यादीतही प्रत्येक पुस्तकापुढे सुचवणाऱ्याचं नाव हवं. नाहीतर वर्षभरानं ‘हे मी का लिहिलंय?’ असा प्रश्न पडतो.

आणि उसन्या दिलेल्या पुस्तकांसाठी एक पान राखून ठेवा. पुस्तक, नेणाऱ्याचं नाव, तारीख. नेणाऱ्यालाच स्वतःच्या हातानं लिहायला सांगायचं. सुरुवातीला लोक हसतात, पण मागायला फोन केला की ‘मी कधी नेलं?’ असं म्हणत नाहीत.